एकवीस विषय

पांढरीपांडे हे आडनाव रायपुरात टिकत नाही. अर्धं तर पहिल्याच भेटीत गळून पडतं. अच्युतरावांना सगळं ऑफिस ‘पांडेजी’ म्हणे, आणि नवा माणूस आला की हमखास विचारी, “पांडेजी, आप बनारस साइड के हैं क्या?” आम्ही नागपूरकडचे, आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले, असं ते सुरुवातीला समजावून सांगत. पुढे पुढे नुसतेच हसत. आपलं निम्मं नाव लोकांनी परस्पर खाऊन टाकलं तरी माणूस जगतो, हे त्यांना कळून चुकलं होतं.

ते एका सरकारी मंडळात कॉम्प्युटरचं काम बघत. राज्य नवं, राजधानी नवी, आणि कार्यालयं मिळेल त्या घरात. शहराबाहेर माळरानावर नव्या राजधानीच्या इमारती उठत होत्या म्हणे, पण मंडळ अजून समता कॉलनीतल्या भाड्याच्या बंगल्यातच होतं. हॉलमध्ये आस्थापना, बेडरूममध्ये लेखा, आणि स्वयंपाकघरात मेल सर्व्हर. ओटा फोडायला घरमालक तयार नव्हता, म्हणून सर्व्हर ओट्यावरच ठेवला होता. जिथे कुणीतरी वर्षानुवर्षं फोडण्या दिल्या असतील तिथे आता ते काळं खोकं दिवसभर घरघरत बसे, आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून अच्युतराव.

या सर्व्हरवर त्यांचा जीव होता. तो त्यांनी स्वतः उभा केला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची नोंद तो आपल्या लॉगमध्ये ठेवी: किती वाजता, कुणाकडून, कुणाला, आणि पुढे तिचं काय झालं. बाकीचे लोक असले जुने लॉग पुसून टाकतात. अच्युतराव दर महिन्याला ते सीडीवर घेत, वर तारीख घालत आणि भिंतीतल्या कपाटात ठेवत. त्या कपाटाला अजून हिंगाचा वास येई. “साहेब, ये अचार कब खुलही?” असं शिपाई भैय्यालाल सीड्यांकडे बोट दाखवून विचारायचा. अच्युतराव म्हणत, “मुरू दे.”

रोज दुपारी तीनच्या सुमाराला ते स्वतःच स्वतःला एक मेल पाठवत. विषय एकच, इंग्रजीत: टेस्ट. ती आपल्याच मेलच्या खोक्यात, इनबॉक्समध्ये, येऊन पडली की सर्व्हर ठीक चालला आहे म्हणायचं आणि चहा मागवायचा. दिवसभरात त्यांच्या नावाने येणारी ती बहुधा एकुलती एक मेल असायची.

घरी, ब्राह्मणपाऱ्यात, कुणी नव्हतं. विनोदिनीबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी मीनल पुण्याला नोकरीला होती, आणि तिच्याशी चौदा महिने बोलणं नव्हतं.

भांडण भाषेवरून झालं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण झालं खरं. मीनल रायपुरात वाढलेली पोर. आई मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. विनोदिनीबाई गेल्या आणि घरातली मराठीच बंद झाली. दूधवाला हिंदी, ऑफिस हिंदी, शेजारी छत्तीसगढी. दिवसच्या दिवस एकही मराठी शब्द कानावर पडत नसे. मग कधीतरी फोन वाजे, आणि पलीकडून पोटची पोर म्हणे, “पापा, कैसे हो?” म्हणजे तिथूनही हिंदीच. पण ‘मला एकटं वाटतं’ हे वाक्य त्यांना कोणत्याच भाषेत येत नव्हतं. त्याऐवजी ते चिडले.

“तुझ्या आईची भाषा तुले जड झाली काय? काहून सारखं पापा-पापा करून राहिली? मले ते हिंदी ऐकायचं नाही.”

“तो ठीक है, फोन नहीं करूँगी,” मीनल म्हणाली. तीही त्यांचीच मुलगी. “लिखूँगी.”

“लिहिशील तर मराठीत लिही. नाही तर लिहू नको.”

तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून अच्युतराव पत्राची वाट पाहत होते. पत्र यायचं ते मेलनेच, आणि त्यांचा पत्ता एकच, ऑफिसचा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपली पत्रं ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरी दागिने ठेवणं, असं त्यांचं मत. पहिला महिना ते दर तासाला मेलचं खोकं उघडून बघत. मग दिवसातून दोनदा. मग फक्त तीन वाजता, स्वतःची टेस्ट आली का ते बघताना, जाता जाता. आपण होऊन फोन करायचा तर मान कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. नागपूरला मेहुणी क्षमा होती, तिलाही त्यांनी बजावलं, “मीनलचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही.” तीही बिचारी गप्प बसली. मुलीला मराठीत चार ओळी लिहिण्यापेक्षा बाप सोडणं सोपं वाटलं, असा त्यांनी मनाशी निकाल लावला आणि तो निकाल चौदा महिने उशाशी घेऊन झोपले.

नोव्हेंबर उजाडला. राज्याच्या स्थापना दिनापासून सगळा पत्रव्यवहार हिंदीत करायचा, असं फर्मान सुटलं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बाबूंना कॉम्प्युटरवर हिंदी टायपिंगचं प्रशिक्षण देण्यात आलं. आजवर ते इंग्रजीत, नाही तर इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत मेल पाठवत. आता हौसेने देवनागरीत पाठवू लागले. आणि आठवडाभरात धमतरीहून फोन आला की आमच्या तीन मेलना उत्तर नाही. मग कांकेरहून. मग महासमुंदहून. चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी अच्युतरावांना बोलावलं.

“पांडेजी, धमतरीवाले झूठ तो नहीं बोल रहे. देखिए जरा.”

“उन्हीं के तरफ गड़बड़ होगी सर,” अच्युतराव म्हणाले. सर्व्हरवर कुणी बोट ठेवलं की ते आधी दुसऱ्याचं बोट तपासत. दोन दिवस त्यांनी धमतरीची लाइन तपासायला लावली, कांकेरचा मोडेम बदलायला लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी बुधवारी दुपारी, दुसरं काही उरलं नाही म्हणून, त्यांनी आपलाच लॉग उघडला आणि धमतरीचा पत्ता शोधायला टाकला.

ओळ लगेच सापडली. मेल आली होती. सर्व्हरने ती घेतली होती. आणि पुढे एकच शब्द होता: डिस्कार्ड. फेकून दिली.

अच्युतरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना आठवलं.

पाच वर्षांपूर्वी सर्व्हरवर चिनी जाहिरातींचा पूर आला होता. रोज हजार हजार मेल, विषय चिनी लिपीत. साहेब लोकांची खोकी तुंबली. तेव्हा अच्युतरावांनी एक नियम लिहिला. मेलच्या विषयात इंग्रजीशिवाय दुसरी लिपी आली की ती एका सांकेतिक वेष्टनात गुंडाळून येई. नियम असा: विषयाला असं वेष्टन दिसलं की मेल फेकून द्यायची. परत पाठवायची नाही, निरोप द्यायचा नाही, गुपचूप फेकायची. पाठवणाऱ्याला वाटावं, पोचली. “चोराला कळूच द्यायचं नाही की दार बंद आहे,” असं ते तेव्हा छाती फुगवून सांगत. पूर ओसरला, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि नियम तसाच राहिला. चिनी अक्षरं आणि देवनागरी अक्षरं यांत त्या नियमाला काही फरक कळत नव्हता. त्याला फक्त इंग्रजी नसलेलं कळत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती अशी.

नियम काढायला अर्धं मिनिट लागलं. आता किती मेल वाया गेल्या त्याची यादी साहेबांना द्यायला हवी, म्हणून त्यांनी फेकलेल्या सगळ्या ओळी काढल्या. धमतरी, कांकेर, धमतरी, महासमुंद, जगदलपूर. बोटाने ते नव्याकडून जुन्याकडे खाली खाली जात होते. नोव्हेंबर संपला, ऑक्टोबर सुरू झाला. ऑक्टोबरच्या सोळा तारखेला धमतरी नव्हतं, कांकेर नव्हतं. मीनलचा पत्ता होता.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पत्ता तोच होता.

मग त्यांनी कपाट उघडलं आणि सगळ्या सीड्या ओट्यावर काढल्या. भैय्यालाल चहा घेऊन आला तेव्हा ते एकेक सीडी घालून शोधत होते, आणि बघून झालेली परत डबीत न घालता ओट्यावरच टाकत होते. “तबियत ठीक हे न साहेब?” त्याने विचारलं. त्यांनी ऐकलं नाही.

चौदा महिन्यांत एकवीस मेल. पहिली भांडणानंतर नवव्या दिवशी.

लॉगमध्ये मेलचा मजकूर राहत नाही. फेकली ती गेली. पण नियम विषयावर चालत होता, म्हणून ज्या विषयासाठी फेकली तो विषय सर्व्हरने इमानदारीने प्रत्येक ओळीत लिहून ठेवला होता, वेष्टनासकट. वेष्टन सोडवायची युक्ती अच्युतरावांना येत होती. त्यांनी एकवीसच्या एकवीस सोडवले आणि वाचायला बसले.

‘बाबा, मराठीत लिहून राहिली.’

हा पहिला. बाबा. पापा नव्हे.

‘टायपिंग ला दोन तास लागला.’ ‘चूक झाली तर सांगा.’ मग दिवाळीतला, ‘आई च्या सारखे अनरसे केले, फुटले.’ मग ‘मिळालं का माझं पत्र?’ मग ‘नवीन घर घेतला भाड्याने, खिडकीतून झाड दिसते.’ फेब्रुवारीत एका आठवड्यात तीन होते: ‘ताप आला आहे’, ‘ताप उतरला नाही’, आणि ‘ताप उतरला, काळजी करू नका’. अच्युतराव त्या तिसऱ्याशी बराच वेळ थांबले. काळजी करू नका! फेब्रुवारीत ते काय करत होते? ते रागावून बसले होते.

पुढे पुढे मराठी सुधारत गेली होती. चुका कमी झाल्या होत्या, जोडाक्षरं नीट पडत होती. इथे कुणी वाचत नव्हतं आणि तिथे ती शिकत होती. ‘रागावले का?’ ‘अजून रागावले आहात का?’ ‘आईचा वर्षश्राद्धाचा दिवस मला आठवण होता.’ ‘एक ओळ लिहा, नुसतं पोचलं म्हणा.’

विसावा विषय सगळ्यांत लांब होता. ‘१४ तारखेला दुपारी तीन, रायपूर, डबा एस ७, कोलकात्याला जाते आहे, गाडी पंधरा मिनिटं थांबते, स्टेशनवर या.’

एकविसावा सोळा तारखेचा. ‘तुम्ही आले नाही.’

त्यानंतर काही नव्हतं.

स्टेशन तिथून दोन किलोमीटरवर. वारा तिकडचा असला की ओट्यापाशी इंजिनाची शिटी ऐकू येते. त्या चौदा तारखेला, दिवाळीच्या तीन दिवस आधी, तीन वाजता आपण कुठे होतो? माणूस विसरतो, पण लॉग विसरत नाही. तोच महिना समोर उघडा होता. दुपारी तीन वाजून चार मिनिटं: अच्युतकडून अच्युतला, विषय टेस्ट, पोचली. तीन वाजून अकरा मिनिटं: अच्युतकडून अच्युतला, विषय टेस्ट, पोचली. त्या दिवशी कंटाळा आला होता म्हणून दोनदा पाठवली होती.

अच्युतरावांनी ओट्यावर डोकं टेकलं आणि ते रडले. विनोदिनीबाई गेल्या तेव्हा चारचौघांत त्यांनी स्वतःला आवरून धरलं होतं. इथे आवरून धरायला समोर कुणी नव्हतं, नुसतं काळं खोकं घरघरत होतं.

मग त्यांनी फोन लावला. नंबर पाठ होता.

“हाँ, पापा.” आवाज सपाट होता, ओळख नसल्यासारखा.

“मीनल, तुझ्या मेल मले भेटल्याच नाही. माझ्याच सर्व्हरनं फेकल्या. नियम मीच लावला होता, इंग्रजी नसलेलं सगळं फेकायचा. मले आज कळलं.”

 “सारे?” तिने विचारलं.

“एकवीसच्या एकवीस. विषय तेवढे वाचले. खाली काय लिहिलं होतंस ते लॉगात राहत नाही. तुझ्यापाशी असतील ना?”

“डिलीट कर दिए. लास्टवाला भेजा, उसी दिन. मैं नीचे उतर के खड़ी थी, पापा. पूरे पन्द्रह मिनट. सीढ़ी की तरफ देख रही थी. ट्रेन चल दी तब चढ़ी.”

“मी इथंच होतो गं. शिटी ऐकू येते इथून.”

“अब क्या बोलूँ मैं?” ती म्हणाली. आवाज सपाट राहिला नव्हता. “मीटिंग है. रखती हूँ.”

“एक टेस्ट मेल टाक,” ते घाईघाईने म्हणाले. दुसरं काय मागावं ते त्यांना सुचेना. सर्व्हर दुरुस्त झाला की समोरच्याला हेच सांगायचं असतं. “येते का पाहतो. कोणत्या बी भाषेत टाक.”

“देखती हूँ.”

दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्यांच्या मेल धो धो येऊ लागल्या. साहेब खूश झाले. “क्या प्रॉब्लम था, पांडेजी?”

“मैं था, सर,” अच्युतराव म्हणाले. साहेबांना तो विनय वाटला, ते मोठ्याने हसले.

अच्युतराव लॉग उघडा ठेवून समोर बसून राहत. ओळी वर सरकत. धमतरी, कांकेर, जगदलपूर. माणसं काय काय लिहीत होती, कुणाकुणाला लिहीत होती! गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी सुट्टी होती, तरी ते बंगल्याची किल्ली मागून घेऊन आले आणि ओट्यासमोर बसले. त्या दिवशी तीन वाजता त्यांनी स्वतःला टेस्ट पाठवली नाही. स्वतःची मेल स्वतःलाच येते, त्यात काय विशेष, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

सोमवारी सकाळी अकराला ओळ आली. मीनलचा पत्ता. पोचली.

विषय मराठी अक्षरांत होता: ‘टेस्ट’.

त्यांनी उघडली. आत काही नव्हतं. एक अक्षर नाही, नाव नाही. एकवीस वेळा तिने पानंच्या पानं लिहिली असतील आणि त्यांच्या हाती नुसते विषय लागले. आता उघडता येणारी मेल आली तर तिच्यात विषयाखाली कोरं पांढरं. रागानेच पाठवली होती ते स्पष्ट होतं. पण पाठवली होती. अच्युतरावांनी त्या पांढऱ्या पानाकडे पाहत चहा गार होऊ दिला.

मग त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, आणि भैय्यालालला स्टेशनावर रिझर्व्हेशनला पाठवलं. तिकीट हातात आल्यावर उत्तर लिहायला घेतलं. कधी नव्हे ते हिंदीत. एक-एक कळ शोधत, चुकत, पुसत. त्यांनाही जवळजवळ दोन तास लागले. विषय लिहिला, ‘पहुँच गया.’ खाली लिहिलं:

‘बेटा, २२ तारीख, डबा एस ३, पुणे स्टेशन. गाड़ी वहीं तक है. तुम आ सको तो आना. मैं उतरकर खड़ा रहूँगा. पन्द्रह मिनट नहीं, जितनी देर लगे. इक्कीस विषय साथ में ला रहा हूँ. नीचे क्या लिखा था, तुम बताना, किसी भी भाषा में. गलती हो तो सुधार देना. पापा.’

लॉगमध्ये ओळ पडली: पुढच्या सर्व्हरने स्वीकारली. पुढे कुणी उघडली की नाही, वाचून काय वाटलं, हे कुठलाच लॉग सांगत नाही. गुरुवार झाला, शुक्रवार झाला, तिचं उत्तर आलं नाही. शनिवारी ते निघाले.

पिशवी घेऊन भैय्यालाल स्टेशनवर सोबत आला होता. गाडी आली, लागली; तीही पंधरा मिनिटं थांबणारी. भैय्यालालने पिशवी आत सीटखाली सरकवली आणि हाक मारली, पण अच्युतराव चढले नाहीत. फलाटावर डबा एस ७ जिथे थांबला होता तिथपर्यंत ते चालत गेले, मीनल उभी होती तसे दाराशी उभे राहिले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. पादचारी पुलाचा जिना तिथून नीट दिसत होता. पहिली चार-पाच मिनिटं भराभर गेली. माणसं लोंढ्याने उतरत होती आणि त्यांत कुणीही असू शकत होतं. मग लोंढा आटला. आठव्या मिनिटाला एक म्हातारा पिशवी सावरत घाईने उतरला, तेव्हा ते एक पाऊल पुढे झाले. तो सरळ पुढच्या डब्याकडे निघून गेला. दहाव्या मिनिटाला एक बाई कडेवर मूल घेऊन. त्यानंतर जिना बराच वेळ रिकामा राहिला. पंधरा मिनिटं एवढी मोठी असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“चढ़ जाव साहेब, गाड़ी छूट जाही,” भैय्यालाल मागून म्हणाला.

“थांब,” अच्युतराव जिन्याकडे बघत म्हणाले. “तीन मिनिटं बाकी आहेत.”